हॅथवेबाईंच्या खोलीतलं मूल

रविवारी सकाळचं प्रवचन संपल्यावर दुपारचं सुरू होईपर्यंत मधे जो वेळ मिळायचा, तेवढाच लव्हिना हॅथवेचा स्वतःचा. बाकी मंडळी चर्चच्या मागच्या खोलीत शेगडीला पाय लावून डब्यातलं गार जेवण जेवत बसायची. लव्हिना शाल डोक्यावरून ओढून घ्यायची आणि टेकडी उतरून प्रुइटांच्या शेतावर जायची. तिथे तिची मुलगी होती.

फीबीला चौथं वर्ष लागलं होतं. तिचा बाप उत्तर-दक्षिणेच्या लढाईवर गेला तेव्हा ती पोटात होती, आणि तो व्हर्जिनियातल्या एका इस्पितळात तापाने गेला तेव्हा तिला दात येत होते. त्यानंतर लव्हिनाला दोनच वाटा दिसल्या. एक भावाच्या घरची, भावजयीच्या हाताखाली मान खाली घालून जगण्याची. दुसरी कोल्डब्रुक महिला कॉलेजची. तिथेच ती शिकली होती, आणि तिच्याइतकं गणित आणि खगोल जाणणारी बाई आसपासच्या गावांत नव्हती. विश्वस्तांनी तिला घेतलं, पण एक अट घालून. शिकवणाऱ्या बायांनी मुलींसोबत कॉलेजच्या इमारतीतच राहायचं, त्यांच्याच टेबलावर जेवायचं, हा तिथला रिवाज. आणि त्या इमारतीत लहान मूल चालणार नाही. म्हणून लव्हिना टेकडीच्या माथ्यावर आणि फीबी पायथ्याशी.

त्या रविवारी ती पोचली तेव्हा डॉर्कस प्रुइट पीठ मळत होती आणि फीबी तिच्या एप्रनचा कोपरा तोंडात धरून उभी होती.

"बघ गं, कोण आलंय," डॉर्कस म्हणाली.

फीबीने बघितलं. ओळखलंही. "रविवारच्या बाई," ती म्हणाली, आणि मग वर मान करून डॉर्कसला, "आई, मला उचल."

डॉर्कसचे हात पिठात थांबले. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "अगं, मी कितीदा सांगते तिला! ही तुझी आई, मी डॉर्कसमावशी. पण पोर ती, दिवसभर जिच्या पायांत घोटाळते तिलाच आई म्हणणार. तू बस ना, पाहुण्यासारखी उभी काय राहतेस?"

लव्हिना बसली. येताना तिने खिशात साखरेचा एक खडा आणला होता. फीबी आली, खडा घेतला आणि परत गेली.

"एक सांगायचंय," डॉर्कस पीठ जरा जास्तच जोराने तिंबत म्हणाली. "जेरेडनं तिकडे लांब पश्चिमेला, आयोवात जमीन घेतली. ह्या दगडांत नांगर मोडून मोडून कंटाळलाय तो. बर्फ वितळला की निघायचं."

"आणि फीबी?"

"तेच म्हणते मी." आता डॉर्कसने हात पुसले आणि समोर येऊन बसली. ती थोराड बाई होती, हसरी, पण आत्ता तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं. "येऊ दे तिला आमच्याबरोबर. माझी दोन्ही गेली घशाच्या आजारानं, तुला माहीत आहे. हिच्यामुळं घर घर झालं परत. तुला काय, तुझ्याकडे त्या वरच्या एवढ्या मुली आहेत, तुझे ते त्रिकोण आहेत. राग मानू नकोस, पोरी. मी वाईट अर्थानं नाही म्हणत."

"नाही, राग कसला," लव्हिना म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला, एकसारखा, स्वच्छ. "मी विचार करते."

दुपारच्या प्रवचनातला एक शब्दही तिच्या कानात शिरला नाही.

सोमवारी तिने गावात विचारून पाहिलं. लोहाराच्या घरी आजारपण होतं. पाद्र्यांच्या बायकोची स्वतःचीच सहा होती, सातवं वाटेवर. मग ती थेअरबाईंकडे गेली.

मेहिटेबल थेअर कॉलेजच्या मुख्य. उंच, सडपातळ, केसांवर पांढरी टोपी घट्ट बांधलेली. मुली त्यांना भीत, पण आजारी पडल्या की त्यांच्याच हातचं औषध मागत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गेल्या वर्षी विचारलं होतं मी विश्वस्तांना," त्या म्हणाल्या. "तुम्हाला न सांगता. उत्तर तेच आलं."

"कुठल्या कोपऱ्यात राहील ती. कुणाला दिसणारही नाही."

"मूल कोपऱ्यात राहत नाही, हॅथवेबाई. तेवढं मलाही कळतं."

बुधवारी कॉलेजला सुट्टी असे. लव्हिना दुपारी शेतावर गेली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "एका रात्रीसाठी नेते तिला. उत्तर देण्याआधी एक रात्र तिच्याजवळ झोपायचंय मला. उद्या सकाळी आणून सोडते."

"ने की," डॉर्कस म्हणाली आणि चुलीकडे तोंड फिरवलं. "तुझीच आहे."

हे असं चोरून करायचं लव्हिनाच्या स्वभावात नव्हतं. मुलींनी समीकरणातली एक पायरी गाळली तर ती सगळं पुसायला लावायची. आणि आता ती स्वतः, कोल्डब्रुकच्या गणिताच्या बाई, दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने पोरीला शालीत गुंडाळून आत शिरत होती. आभाळ भरून आलं होतं. पहिली भुरभुर सुरू झाली होती.

कोल्डब्रुकमध्ये नोकर नव्हते. पाव भाजणं, धुणं, इस्त्री, जिने पुसणं, सगळं मुलीच टोळ्या करून करत. त्या संध्याकाळी भट्टीपाशी पावाची टोळी होती, आणि टोळीची म्होरकी हल्डा क्रेन. हल्डा शेवटच्या वर्षाला होती, गणितात सगळ्यांच्या पुढे आणि तोंडाने त्याहून पुढे.

"बाई," ती हातातलं फळकूट खाली ठेवत म्हणाली, "तुमच्या शालीला पाय फुटलेत."

बाकीच्या मुली वळल्या. शालीतून दोन छोटे बूट लोंबत होते.

लव्हिना काही बोलणार, तेवढ्यात फीबीने शालीतून तोंड बाहेर काढलं, भट्टीतल्या लाल निखाऱ्यांकडे बघितलं, ओळीने मांडलेल्या पावांकडे बघितलं आणि म्हणाली, "हे सगळं तुम्ही खाणार?"

मुली हसल्या. तिथेच ठरून गेलं.

रात्रभर बर्फ पडलं. सकाळी दार उघडेना. दुसऱ्या दिवशीही पडतच होतं, आणि तिसऱ्या दिवशी थांबलं तेव्हा टेकडीवरचा रस्ता कुठे होता हे सांगायला कुंपणाची टोकंसुद्धा वर उरली नव्हती.

पहिल्या रात्री फीबी रडली. मोठ्याने नाही. उशीत तोंड खुपसून, कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने, मोठ्या माणसासारखी रडली, आणि लव्हिनाला तेच सोसवेना. "आईकडे जायचंय," ती म्हणत होती. लव्हिना तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिला अंगाई येत नव्हती. म्हणून तिने पाढे म्हटले, हळू, चालीवर. बाराच्या पाढ्याला पोर झोपली. मग लव्हिनाने तिची टाच हातात घेऊन बघितली. किती गोल होती! आपल्या पोटात लाथा मारायची ती हीच, हे तिला पटेना. ती जागीच राहिली. झोपणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटलं तिला.

दिवसा वर्ग असत. तेव्हा फीबी हातोहात फिरायची. पावाच्या टोळीकडून इस्त्रीच्या टोळीकडे, तिथून जिन्याखालच्या सरपणाच्या खोलीत, धुण्याच्या टोपलीत बसून, वर चादर टाकून. मुलींना वेड लागलं होतं. घर सोडून आलेल्या त्या पोरी. प्रत्येकीचं कुणीतरी धाकटं भावंड मागे राहिलेलं. एकीने दूध आणलं, एकीने काकवी घातलेली मक्याची लापशी. एक जण तिच्या अंथरुणात ठेवायला भट्टीतली तापलेली वीट फडक्यात बांधून आणायची.

इलेक्टा मूडी तेवढी बेचैन होती. ती दुसऱ्या गावच्या पाद्र्याची मुलगी, मन काचेसारखं. जेवणाआधी एक बेदाणा तोंडात गेला तरी तिला दोन दिवस झोप येत नसे.

"हे खोटं वागणं नाही का गं?" तिने हल्डाला विचारलं.

"खोटं कोण बोललंय? आपण तर गप्प आहोत."

"गप्प बसणं म्हणजे तेच."

"मग शनिवारी बोल. शनिवार कशासाठी असतो?"

"शनिवारी मी काय बोलू?"

"तू जे केलंस ते. दुसऱ्याचं कधी सांगायचं नसतं, एवढं तर पाठ आहे ना?"

लव्हिना रोज सकाळी ठरवायची, आज थेअरबाईंना जाऊन सांगायचं. रोज वर्ग संपल्यावर जिन्यापर्यंत जायची. मग वरून, बंद दारामागून, फीबीचं हसू ऐकू यायचं आणि तिचे पाय आपोआप तिकडे वळायचे. तिसऱ्या दिवशी वेणी घालून घेताना फीबी म्हणाली, "तू डॉर्कसआईपेक्षा हळू ओढतेस." तेवढ्याने लव्हिनाला दिवसभर काही खायची गरज पडली नाही.

मग शनिवार आला.

कोल्डब्रुकमध्ये शनिवारी संध्याकाळी कबुली असे. कॉलेज सुरू झाल्यापासूनची रीत ती. सगळ्या मुली सभागृहात जमत. समोरच्या चौथऱ्यावर थेअरबाई आणि बाजूला शिकवणाऱ्या बाया. ज्या मुलीने आठवड्यात नियम मोडला असेल तिने आपणहून उभं राहायचं आणि सांगायचं. पहारा नाही, चहाडी नाही. दुसरीचं नाव घ्यायचं नाही, आणि थेअरबाईंनीही का, कुणासाठी, कुणाबरोबर असं विचारायचं नाही. मान्य केलेल्या चुकीला शिक्षा म्हणजे पुढच्या बुधवारची सुट्टी जायची, बस. लव्हिना विद्यार्थिनी असताना ह्याच बाकांवरून कितीदा उभी राहिली होती. शिकवणाऱ्या बायांना उभं राहावं लागत नसे. त्यांच्याकडून नियम मोडला जाईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

प्रार्थना झाली. थेअरबाई म्हणाल्या, "कुणाला काही सांगायचं आहे?"

एरवी दोनचार मुली उठत. आज पहिली उठली ती पावाच्या टोळीतली एक जाडजूड मुलगी.

"मी न विचारता दूध जिन्यावरून वर नेलं."

"ठीक आहे. बसा."

"मी भट्टीतली वीट खोलीत नेली," दुसरी.

"मीही नेली. परवा," तिसरी.

"मी मौनाच्या वेळात बोलले."

"मी मौनाच्या वेळात गायले."

थेअरबाईंनी मान वर केली. "गायलात?"

"हळू आवाजात, बाई. मेंढ्यांचं गाणं."

कुठेतरी दबलेलं हसू फुटलं आणि विझलं. एकामागून एक मुली उठत होत्या. कुणी धुण्याची टोपली भलत्या कामाला वापरली होती. कुणी उद्याची लापशी आजच ढवळली होती. हल्डा क्रेन उठली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "मी इस्त्रीच्या खोलीत धावले. नियम धावू नये असा आहे."

"ठीक आहे."

"चार पायांवर धावले, बाई. ते वेगळं धरायचं का माहीत नाही. तेवढं सांगून टाकलं."

आता सगळं सभागृह हसलं, अगदी बाजूच्या बायासुद्धा. थेअरबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती. चौथऱ्यावर कोण बसलंय तिकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

लव्हिनाला हसू आलं नाही. ह्या मुलींपैकी एकही खोटं बोलत नव्हती. प्रत्येकीचं वाक्य खरं होतं, नितळ खरं. आणि अशी ती खरी वाक्यं एकापुढे एक उभी करून त्यांनी आड एक भिंत बांधली होती. तिच्यासाठी. सगळ्यांना ठाऊक होतं भिंतीपलीकडे काय आहे, आणि कुणीही विचारणार नव्हतं.

शेवटी इलेक्टा मूडी उठली. तिने पुढच्या बाकाची पाठ धरली.

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या करत होत्या तेव्हा मी दाराशी उभी राहून कुणी येतंय का बघत होते. असा नियम मला आठवत नाही. असेल तर तोही मी मोडला." तिचा आवाज चिरकला. "आणि मला वाईट वाटत नाहीये. त्याचं वाईट वाटतंय."

ती बसली, आणि खाली मान घालून रडायला लागली.

तेव्हा लव्हिना उठली.

आपण का उठलो, हे तिला पुढे कित्येक वर्षं नीट सांगता आलं नाही. त्या पोरीचं रडणं होतं. आपल्या शिकवणुकीने ह्या मुली खऱ्याची आडोशासारखी भिंत बांधायला शिकल्या, ही लाज होती. पण त्याहून मोठं एक होतं. अडीच वर्षं ती ह्या सभागृहात बसत होती, आणि ह्या भिंतींनी तिच्या तोंडून तिच्या मुलीचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. जणू मूल म्हणजे गुन्हा होता.

"मलाही सांगायचंय," ती म्हणाली.

थेअरबाई वळल्या. अगदी हळू, जवळजवळ विनवणीच्या स्वरात म्हणाल्या, "शिक्षिकांना सांगावं लागत नाही, हॅथवेबाई."

"माझी मुलगी माझ्या खोलीत आहे. बुधवारपासून. मी तिला लपवून आणली. तिचं नाव फीबी आहे." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "ती साडेतीन वर्षांची आहे."

थेअरबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "आपण भजन म्हणू या," त्या म्हणाल्या.

भजन संपल्यावर त्या लव्हिनाला आपल्या बैठकीच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं. शेगडीत लाकूड सरकवलं, जरा वेळ उगाचच सरकवत राहिल्या.

"का उठलात?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मी चार दिवस बहिरी होऊन बसले होते. बहिरी! वरच्या मजल्यावर पोर नाचतेय, आणि मी जेवताना म्हणतेय, आज वारा फार आहे. रस्ता मोकळा झाला असता, मूल खाली गेलं असतं, संपलं असतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाक आहे, बाई. इमारतीत उकळलेल्या दुधाचा वास येत होता."

लव्हिना दाराशीच उभी होती.

"आता सगळ्या कॉलेजनं ऐकलंय. रस्ता उघडला की गाव ऐकेल, गावाकडून विश्वस्त." थेअरबाई वळल्या. त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "हे कॉलेज बंद पडावं म्हणून टपून बसलेली माणसं आहेत, तुम्हाला सांगायला नको. बायकांना भूमिती शिकवली तर घरं उजाड होतील म्हणणारी. त्यांना काय हवंय? फळ्याजवळ पाळणा. एवढं एकच चित्र. ते मिळालं की म्हणतील, बघा, ना धड बाई ना धड आई. मग तुमच्या एकटीचं जाणार नाही. हल्डाचं जाईल, इलेक्टाचं जाईल, ज्या अजून आल्याच नाहीत त्यांचं जाईल."

"समजतंय मला."

"मी तिसरी वाट शोधत होते. खरंच शोधत होते. नाहीये. मूल त्या बाईंबरोबर जाऊ दे आणि तुम्ही राहा. मी विश्वस्तांच्या पाया पडून तुम्हाला वाचवीन. नाहीतर..."

"नाहीतर मी जाते," लव्हिना म्हणाली.

ते इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. जणू आतल्या आत उदाहरण केव्हाच सुटलं होतं, आणि फक्त खालची रेघ मारायची राहिली होती.

थेअरबाई खुर्चीत बसल्या.

"तुम्ही राहते म्हणाला असतात तर मला तुमचा राग आला असता," त्या म्हणाल्या. "आणि जाते म्हणालात तर माझा गणिताचा वर्ग गेला. तुमच्यासारखी मला मिळणार नाही. म्हणजे कसंही झालं तरी मीच हरले." मग जराशा खरखरत्या आवाजात, "सोमवारी तुमचा वर्ग आहे. तो घ्यायचा. आणि त्या मुलीला कोंडून ठेवू नका. शेवटच्या वर्गाला तिला बरोबर न्या. मी सांगितलं म्हणून."

सोमवारी सकाळी फीबी चौथऱ्याच्या कडेला पाय हलवत बसली आणि लव्हिनाने फळ्यावर पृथ्वी काढली, चंद्र काढला, सावली काढली. ग्रहणाची मांडणी अर्ध्यावर आली होती. ती पुरी करायला आणखी दोन आठवडे लागले असते.

"क्रेन, इथून पुढे तुम्ही," तिने खडू पुढे केला.

हल्डा आज काहीच विनोद करेना. "मला येईल असं वाटत नाही, बाई."

"चुकलात तर मी सांगेन. आत्ता आहे मी इथे."

लव्हिना खाली येऊन मुलींच्या बाकावर बसली. हल्डा मांडत गेली. एके ठिकाणी तिने कोन भलताच धरला, लव्हिना "हं?" म्हणाली, आणि हल्डाने तो पुसून बरोबर मांडला. थेअरबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, केव्हापासून कुणास ठाऊक. तास संपला तेव्हा कुणी उठेना. मग इलेक्टाने फीबीला कडेवर घेतलं आणि सगळ्या तिच्यामागून जिना उतरल्या.

जेरेड प्रुइट घसरगाडी घेऊन आला होता. रस्ता कापून काढायला त्याला सकाळ लागली होती. डॉर्कसही आली होती. फीबी तिला बघताच इलेक्टाच्या कडेवरून घसरली आणि बर्फातून धडपडत जाऊन तिच्या घागऱ्याला बिलगली.

लव्हिनाने सगळं सांगितलं. डॉर्कस ऐकत होती, फीबीच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

"कुठे जाणार?"

"भावाकडे. उत्तरेला."

"ती भावजय तुला खाऊन टाकेल." डॉर्कसने नाक पुसलं. "तूही चल ना आमच्याबरोबर. आयोवाला. जागा होईल. तिथंही पोरं असतील शिकवायला."

लव्हिनाने त्याचाही विचार केला होता. रात्रभर केला होता. "तिथे आले तर ती तुझीच राहील, डॉर्कस," ती म्हणाली. "आणि मी आयुष्यभर तुझा हेवा करीन. तू एवढं केलंस तिच्यासाठी. तुझा हेवा करायची वेळ माझ्यावर यायला नको."

डॉर्कस एकदम कामाला लागली, जशी कामसू बायका लागतात. असंच काहीसं मनात धरून बांधून आणलेलं गाठोडं उघडून दाखवलं: हे लोकरीचे मोजे, हे तिचं पांघरूण, ह्यात सफरचंदं. "झोपताना तुझा कान धरेल ती. धरू दे."

"धरते. माहीत झालंय."

"झालंय?" डॉर्कस जरा थांबली. "बरं. बरं झालं मग."

तिने फीबीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि उभी राहून कॉलेजकडे तोंड करून चालू लागली, जणू तिलाच आता आत जाऊन शिकायचं होतं. लव्हिना फीबीला घेऊन गाडीत बसली आणि जेरेडने घोड्याला टिटकारलं. दारात मुली उभ्या होत्या. कुणी हात हलवत नव्हतं, सगळ्या नुसत्या उभ्या होत्या, थंडीत, शाली न घेता.

गाडी वळणावर आली आणि फीबीला कळलं की डॉर्कस गाडीत चढलेलीच नाही. मग ती रडायला लागली. ह्या वेळी उशी नव्हती. ती गळा काढून रडली, बूट आपटले, लव्हिनाच्या छातीवर मुठी मारल्या. जेरेड पुढे खांदे पाडून बसला होता, मागे वळून बघत नव्हता.

लव्हिनाने तिला गप्प केलं नाही. मीच तुझी आई, असं म्हणाली नाही. पाढेही म्हटले नाहीत. ती तिला धरून बसली, आणि तिला स्वतःला आपण रडतोय हे गालावर वारा लागला तेव्हा कळलं.

बऱ्याच वेळाने हुंदके लांब लांब होत गेले. फीबीने मान वर करून तिच्याकडे बघितलं, बारकाईने, लहान मुलं बघतात तसं.

"तू का रडतेस?"

"माझ्या मुली मागे राहिल्या," लव्हिना म्हणाली.

फीबीने थोडा विचार केला. मागे बघितलं. टेकडी अजून दिसत होती, इमारत दिसत नव्हती.

"माझी आई पण राहिली," ती म्हणाली.

"हो, बाळा."

लव्हिनाने शाल सोडली, दोघींच्या भोवती घेतली आणि पुन्हा घट्ट बांधली. घोडा आता सपाटीला लागला होता आणि जरा वेगाने चालला होता.